उजवीकडची फळी

हे सन दोन हजार तेवीसचं आहे.

गुढीपाडवा ते रामनवमी, एवढ्या नऊ दिवसांचं. गाव इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. यात पदरचं एक अक्षर नाही. आवडाबाई माझी धाकटी मावसबहीण. जे मी पाहिलं नाही ते तिनं मला सांगितलं, आणि आवडाबाईला खोटं बोलता येत नाही.

हेवा करता येतो. तो तिनं जन्मभर केला.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. जे घडलं ते दर वेळी संध्याकाळी पाच वाजता घडलं.

लख्ख उन्हात.

आवडाबाईचे यजमान रंगराव. घरी दोन एकर बागायत. मेथी, पालक, वांगी आवडाबाई पाहायची आणि रंगराव जीप चालवायचे. इंझोरी ते मानोरा, सवाऱ्यांची जीप.

ज्यांनी त्या काळात अशा जीपनं प्रवास केला त्यांना सांगायला नको. नऊ माणसांच्या गाडीत अठरा बसायची. पुढं ड्रायव्हरच्या डावीकडे तिघं. आणि उजवीकडे, दाराला खेटून, आणखी एक. ड्रायव्हर आपल्याच सीटवर पाहुण्यासारखा. डावीकडे सरकून, अर्ध्या मांडीवर बसून, हात वाकडे करून गाडी हाकायचा. रंगरावांनी तर त्या उजवीकडच्या सवारीसाठी सीटला लोखंडी पट्टीनं एक फळीच जोडून घेतली होती. वर स्पंज. स्पंजावर लाल रेक्झिन.

त्या फळीवर सोळा वर्षं एकच बाई बसली.

सुचिता सिस्टर. राहायला मानोऱ्याला, नोकरी इंझोरीच्या सरकारी दवाखान्यात. सकाळी त्याच जीपनं यायच्या, संध्याकाळी पाचच्या फेरीनं परत जायच्या. मानोऱ्यात त्यांच्या घराच्या कोपऱ्यावर उतरल्या की रंगराव दोनदा हॉर्न वाजवायचे. निरोपाचा.

बाजाराच्या दिवशी आवडाबाईही त्याच जीपनं जायची. पण मागं. टोपल्यांजवळ, मागच्या फाळक्याशी, मागं पळणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. मान वळवली की सवाऱ्यांच्या वरून तिला दोन डोकी दिसायची. एक टोपी, एक अंबाडा. सिस्टर सारखं काहीतरी बोलत असायच्या. रंगराव मान हलवत असायचे.

घरी मात्र हा माणूस तिच्याकडे धड पाहतही नसे. तिनं उजव्या हाताला तांब्या ठेवला की हमखास लवंडायचा. स्टँडवर ती गाडीच्या उजव्या दाराशी उभी राहून हात करायची, ते समोरच बघत राहायचे.

"त्या बाजूले सिस्टर बसते ना," ती मला सांगायची. "त्या बाजूची बायको त्याह्यले दिसत नाई, अक्का."

दोन हजार चौदाच्या कार्तिकात तिच्यानं राहवलं नाही. भर स्टँडवर, सगळ्या सवाऱ्यांसमोर ती उजव्या दाराशी गेली.

"सिस्टरबाई, उतरा. आजपासून मागं बसा, नाई तं दुसरी गाडी पाहा. माह्या नवऱ्याच्या मांडीले मांडी लावून कायले बसता?"

सिस्टरांनी रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांनी समोर पाहिलं. सिस्टर उतरल्या, त्या पुन्हा त्या जीपमध्ये बसल्या नाहीत.

मग आवडाबाई स्वतः फळीवर चढायला गेली. रंगराव म्हणाले, "तू मागं जाय. टोपल्या कोन धरीन?"

त्यानंतर ती फळी रिकामीच राहिली.

सिस्टरांना उतरवल्यापासून नवव्या दिवशी पाचच्या फेरीला एकही सवारी नव्हती. रंगराव एकटेच निघाले. वाटेत बाभळीचं वळण म्हणून एक जागा आहे. रस्ता एकदम उजवीकडे वळतो. समोरून कापसाची ट्रॉली येत होती. जीप उजव्या अंगानं ट्रॉलीवर गेली. रंगराव जागीच गेले.

कोणी म्हणालं ब्रेक लागला नाही. कोणी म्हणालं डुलकी लागली.

पोलिसांकडून सुटून आलेली मोडकी जीप घराच्या शेडमागं उभी राहिली. तिच्यात वेल चढले.

नऊ वर्षं गेली.

आवडाबाईचा मुलगा आदर्श तेव्हा सतरा वर्षांचा होता, तो सव्वीसचा झाला. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांची तार नव्यानं भरून द्यायची, हे त्याचं काम. घरालगतच्या टिनाच्या शेडमध्येच करायचा. सायलीशी लग्न होऊन वर्ष झालं होतं. आणि त्याला एक नाद होता. कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यती.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात अकोल्याच्या एका मित्रानं त्याला एक बंद पडलेलं स्टेअरिंग दिलं. खेळण्यातलं, पण साधं नव्हे. आत मोटार असलेलं. मोटार जळाली होती, ती आदर्शनं दोन दिवसांत नीट केली.

"यात काय विशेष हाय रे?" आवडाबाईनं विचारलं.

"माय, यात रस्ता हाताले लागते. गिट्टी आली का थरथरते. खड्ड्यात गेली का झटका बसते. वळनावर जड होते, खऱ्या गाडीवानी."

"आन् कोनाकोनाची शर्यत?"

"रॅली हाय ते. सोबत दुसऱ्या गाड्या नसतेत. कच्चा रस्ता, जंगल, आन् आपली एकटी गाडी. शेजारी एक माणूस वही घेऊन बसते. तो वळनं सांगते. पुढं डावं, पुढं उजवं, पुढं खड्डा."

"आन् डायव्हर?"

"डायव्हर त्याचं आयकते. त्याच्यावर भरोसा ठेवून पळवते."

"मंग गाडी चालवते कोन?"

"दोघं मिळून चालवतेत, माय."

आवडाबाईच्या डोळ्यांसमोर टोपी आणि अंबाडा आला.

असं स्टेअरिंग टेबलाला लावलं तर टेबलच हलतं, म्हणून आदर्शनं मानोऱ्याहून लोखंडी सांगाडा जोडून आणला. खाली पायांची पेडलं, वर स्टेअरिंग. बसायला सीट हवी होती. तो शेडमागं गेला आणि बापाच्या जीपचं ड्रायव्हरचं सीट खोलू लागला. फळीची पट्टी गंजून बसली होती, निघेना.

"माय, ही फळी कापून काढू का?"

"नको," आवडाबाई म्हणाली. "फळीसकट ने."

तिनं मला हे जसं सांगितलं तसंच सांगते. ते लाल रेक्झिन तिनं स्वतः पुसलं. पुसताना तिला बरं वाटलं. सोळा वर्षं दुसरीनं बसलेली जागा आता तिच्या घरात होती. तिच्या परवानगीनं.

आदर्शनं आणखी एक केलं. स्टेअरिंगचं गुळगुळीत प्लास्टिकचं चाक काढलं आणि त्या जागी बापाच्या जीपचं चाक बसवलं. रंगरावांनी स्वतः निळी-पांढरी दोरी गुंडाळलेलं. मध्यावर हॉर्नचं बटण होतं, पण त्याला आता तार नव्हती.

पाडव्याला, गुढी उतरवल्यावर, त्यानं बटण दाबलं.

अशी स्टेअरिंगं चालू केली की आपोआप एकदा पूर्ण डावीकडे फिरतात, एकदा पूर्ण उजवीकडे, आणि मध्यावर येऊन थांबतात. आपला मध्य शोधून घेतात.

हे डावीकडे फिरलं.

उजवीकडे फिरलं.

आणि थांबलं... पण मध्यावर नाही.

चार बोटं डावीकडे.

आदर्शनं पुन्हा केलं. पाच वेळा केलं. कॉम्प्युटरमध्ये जाऊन आकडे बदलले, जोर कमी केला, जास्त केला. दर वेळी चार बोटं डावीकडे.

आवडाबाई दारात उभी होती.

"तुह्ये बाबा असंच धरत," ती म्हणाली. "डावीकडून."

"दोरी जास्त गुंडाळली हाय त्या अंगानं. वजनानं होते," आदर्श म्हणाला. हसला आणि खेळायला बसला.

थोड्या वेळानं सायली चहा घेऊन आली. तिनं पाहिलं आणि तीही हसली.

"कोनाले जागा देऊन राह्यले तुमी?"

आदर्शनं खाली पाहिलं. तो सीटच्या मधोमध बसला होता. आता... त्याची डावी मांडी सीटच्या बाहेर लोंबत होती. उजवीकडे अर्धं सीट आणि अख्खी फळी मोकळी.

आपण कधी सरकलो ते त्याला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. डावी वळणं तो झोकात घ्यायचा. उजवं वळण आलं की गाडी झाडात.

प्रत्येक उजवं वळण.

"दिसतच नाई," तो म्हणाला. "उजव्या अंगाले अंधारल्यावानी होते."

त्यानं पडदा बदलून पाहिला. मग सायलीनं त्याला उठवून उभं केलं आणि एक डोळा झाकायला सांगितला.

डावा झाकला की त्याला सायलीचा चेहरा धुरकट दिसत होता.

ते पाहून सायलीनं खेळ बंद केला. कॉम्प्युटर बंद, स्टेअरिंगची वायर भिंतीतून काढलेली. मानोऱ्याच्या डॉक्टरांनी डोळा तपासला, मग वाशीमच्या डॉक्टरांनी. दोघांनाही काही सापडलं नाही. डोळा चांगला आहे म्हणाले.

डोळा रोज थोडा थोडा विझत होता.

पाचव्या दिवशी आवडाबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. पाच वाजले होते. गावात वीजही नव्हती.

शेडमधून आवाज आला...

दोरी घासल्याचा.

ती दाराशी गेली. आत कोणी नव्हतं. पडदा काळा होता. आणि चाक फिरत होतं.

डावीकडे थोडं. मग सरळ. मग एक झटका. थड... थड. पुन्हा सरळ. मग बराच वेळ नुसती बारीक थरथर.

आवडाबाईनं डोळे मिटले. तिच्या पाठीला ते ओळखू आलं. वळणं नाही, झटके. शाळेपुढचा गतिरोधक. त्यानंतरचा गिट्टीचा तुकडा. मग नाल्याचा पूल. मागच्या फाळक्याशी बसून हा रस्ता तिनं वीस वर्षं पाठीवर झेलला होता.

ही पाचची फेरी होती.

मग चाक एकाएकी उजवीकडे हिसडलं... आणि सांगाडा जमिनीवरून वीतभर उचलून आदळला.

शांत.

फक्त हॉर्नचं तार नसलेलं बटण आपोआप थरथरत होतं.

बाभळीचं वळण.

सहाव्या दिवशीही हेच. पाच वाजता निघायचं, त्या वळणावर आदळायचं. त्यापुढं जात नव्हतं. आदळलं की घरात बसलेला आदर्श उजवा डोळा दाबून धरायचा.

आता आवडाबाईला काय वाटलं ऐका. तिला भीती वाटली, हे खरं. पण भीतीच्याही आधी तिला वाटलं, हे आले आहेत आणि फळी रिकामी आहे. सिस्टर मानोऱ्यात जिवंत आहे. म्हणजे या वेळी जागा माझी.

सातव्या दिवशी पाचला ती फळीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा. आदर्शला तिनं सीटवर बसवलं.

"तू नुसता हात ठेव. मी सांगते त्याह्यले."

चाक निघालं. थड... थड. गतिरोधक गेला.

"आता डावं," आवडाबाई म्हणाली.

चाक उजवीकडे गेलं. उजवीकडेच वळण होतं.

"आता... उजवं?"

डावं होतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं हा रस्ता कधी समोरून पाहिलाच नव्हता. पाठमोरी बसून पाहिला होता. तिचं डावं ते खरं उजवं. वळण तिला कळायचं ते निघून गेल्यावर. तिनं मनातल्या मनात उलटं करून सांगायचा प्रयत्न केला, तोवर पूल आला, पूल गेला.

बाभळीच्या वळणावर तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही.

सांगाडा आदळला. आदर्शचं मनगट मुरगळलं.

"माय," तो खूप हळू म्हणाला. "उजवा डोळा गेला. काईच दिसत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडाबाई मानोऱ्याला गेली. रस्ता पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेच्या गाड्यांनी भरला होता. नऊ वर्षांत ज्या कोपऱ्याकडे तिनं मान वळवली नव्हती तिथं ती ऑटोतून उतरली.

सिस्टर रिटायर झाल्या होत्या. केस पांढरे. दार त्यांनीच उघडलं.

"बसा, वहिनी."

आवडाबाई बसली नाही. "माह्या पोराचा डोळा गेला."

"कोनता?"

"उजवा."

सिस्टरांनी दाराची चौकट धरली. "तुमाले कोनं सांगतलं मंग?"

"काय सांगतलं?"

सिस्टरांनी आतून दोन खुर्च्या आणल्या, आणि आवडाबाईला खांदा धरून बसवलं.

"अठ्ठ्यान्नव साली कापसाची पऱ्हाटी उपटताना काडी गेलती त्याह्यच्या डोळ्यात," त्या म्हणाल्या. "उजव्या. पट्टी मीच बांधली. वरून डोळा साबूत, आतून गेला. नुसता उजेड-अंधार कळे. मले शपथ घातली, कोनाले सांगू नका, लायसन जाईन, गाडी जाईन. मी म्हटलं, मंग मी उजवीकडे बसत जाते. तवा त्याह्यनं ती फळी ठोकली. समोरून गाडी आली का मी सांगो. खड्डा, बकरी, वळन, सारं सांगो. सोळा वर्स दुसरं काई बोललो नाई आमी, वहिनी."

आवडाबाईला लवंडलेले तांबे आठवले. उजव्या दाराशी उभं राहून केलेले हात आठवले.

मग तिला तो कार्तिकातला दिवस आठवला. आणि त्यापुढचे नऊ दिवस.

कोणीही म्हणेल की तिनं तिथं ऊर बडवून घ्यायला हवं होतं. तिनं विचारलं ते हे,

"मले काहून नाई सांगतलं त्याह्यनं? तुमाले सांगतलं."

"मी म्हनत होती, वहिनीले सांगा. ते म्हनत, तिले सांगतलं तं ती मले दाराबाहेर पाऊल टाकू देनार नाई. मी तरी सांगाले पायजे होतं. तुमी मले चार लोकांत उतरवलं, मले राग आला. नऊ दिवस राग धरून बसली मी."

बाहेरून यात्रेच्या गाड्या जात होत्या, डफडी वाजत होती.

शेवटी आवडाबाईनं शेडमधलं सारं सांगितलं आणि उठली.

"चला," ती म्हणाली. "बसा त्या फळीवर."

हे शब्द मला सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

रामनवमीचा आदला दिवस. पाचला पाच कमी. शेडच्या दारातून ऊन आत आलं होतं. सीटवर कोणालाही बसू द्यायचं नाही, असं सिस्टरांनी सांगितलं. वायर काढलेली होती, ती आदर्शनं हातात धरून ठेवली. सायली त्याला धरून उभी होती.

सिस्टरांनी पदर खोचला आणि फळीवर बसल्या. दाराला खेटून बसल्यासारख्या, अंग चोरून. तिथं दार नव्हतं, तरी.

आवडाबाई मागं उभी राहिली.

पाच वाजले...

सीटचा स्पंज दबला.

हळूच, कोणी टेकल्यासारखा. डावीकडच्या अंगाला.

चाक निघालं.

"शाळा आली. हळू," सिस्टर म्हणाल्या. आवाज साधा, रोजचा. थड... थड. "उजवं. पुढं गिट्टी हाय. आता डावं. बकऱ्या हायेत, थांबा. गेल्या. चाला."

चाक प्रत्येक शब्दानं फिरत होतं. आवडाबाईला मागून सिस्टरांचा अंबाडा दिसत होता. आणि शेजारी सीटची पाठ. ती पाठ... किंचित पुढं-मागं हलत होती.

मान हलवल्यासारखी.

"पूल आला. पुलावर एसटी हाय, बाजू द्या." थड. "आता बाभळीचं वळन. उजवं हाय. ट्रॉली हाय समोरून, कापसाची. थांबा."

चाक थांबलं. जागच्या जागी थरथरू लागलं. दोरीतून करकर आवाज येऊ लागला.

"थांबा. जाऊ द्या तिले. थांबा..."

आणि मग उघड्या दारात, भर उन्हात, एक लांब सावली जमिनीवरून सरकत गेली. ट्रॉलीएवढी. वरून चिमटीभर कापूस उडत आला आणि सायलीच्या पायाशी पडला.

रस्त्यावर काही नव्हतं.

"गेली," सिस्टर म्हणाल्या. "चाला आता. उजवं."

चाक उजवीकडे फिरलं. हळू, पूर्ण, सुरेख. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते वळण पार झालं.

मानोऱ्यापर्यंत सिस्टर सांगत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आला माह्या घराचा कोपरा. उतरते मी."

चाक मध्यावर येऊन थांबलं. बरोबर मध्यावर.

आणि तार नसलेला हॉर्न वाजला.

दोनदा.

"माय," आदर्श डोळा चोळत म्हणाला. "दिसून राह्यलं."

सायली रडू लागली. आवडाबाई धावत सीटपाशी गेली. आधी सवयीनं उजवीकडे उभी राहिली. मग समजून डावीकडे गेली, जिकडचा डोळा चांगला होता तिकडे. वाकून पाहिलं.

"मी हाय," ती म्हणाली. "इकडे पाहा."

स्पंज वर आलेला होता. सीट रिकामं होतं. सिस्टर उतरल्या, तसे तेही उतरून गेले होते.

आता कोणाचं काय झालं ते सांगते.

आदर्शनं कॉम्प्युटर विकला. तो पुन्हा कधी खेळला नाही. सांगाडा भंगारात द्यायला एकदा उचलून रस्त्यापर्यंत नेला, तर उजव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली. परत आणून ठेवला. डोळा आता चांगला आहे. सायलीला मुलगी झाली. चार वाजले की ती मुलीला घेऊन शेजारी जाते. तो कापूस तिनं जाळला म्हणते. जळाला का, हे मी विचारलं नाही.

आवडाबाईनं मात्र वेगळंच धरलं. रामनवमीनंतर ती रोज सकाळी ऑटोत पुढं बसून मानोऱ्याला जाऊ लागली. नुसती जायची आणि यायची. कोणतं वळण उजवं, कोणतं डावं, खड्डा कुठं. तोंडानं पुटपुटत पाठ करायची.

"तिनं सोळा वर्स घेतले," मला म्हणाली. "मी दोन महिन्यात करते का नाई पाह्य."

तिनं केलं. ज्येष्ठापासून चाक तिचं ऐकू लागलं. पाच वाजता ती फळीवर बसायची, सांगत जायची, मानोऱ्यापर्यंत पोचवायची. त्या वर्षी मी तिला जितकी सुखात पाहिली तितकी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. फक्त मानोऱ्यात हॉर्न वाजत नाही, एवढीच तिची तक्रार होती.

दोन हजार चोवीसच्या माघात सुचिता सिस्टर गेल्या. झोपेतच.

मी त्यानंतर थेट गेल्या पाडव्याला इंझोरीला गेले. पाच वाजता आवडाबाई उठून शेडमध्ये गेली, मीही मागून गेले. तिनं फळीकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटच्या मागं भाजीचा उलटा क्रेट ठेवलेला होता आणि दोन रिकाम्या टोपल्या. ती क्रेटवर बसली. पाठमोरी, दाराकडे तोंड करून. एकेका हातानं एकेक टोपली धरली.

"फळीवर काहून नाई बसत?" मी विचारलं.

"जागा नाई, अक्का."

मी पाहिलं...

लाल रेक्झिन दबलेलं होतं.

चाक निघालं. कोणी काही सांगत नव्हतं. म्हणजे मला ऐकू येत नव्हतं. पण ते प्रत्येक वळण घेत होतं. बाभळीच्या वळणावर थांबलं, थोडा वेळ थरथरलं, पुढं गेलं.

मला तिथं उभं राहवेना. मी रस्त्यावर येऊन थांबले. थोड्या वेळानं हॉर्न वाजला. दोनदा.

आवडाबाई बाहेर आली नाही. ऊन उतरलं, दिवे लागले, तरी नाही. मी दारातून हाक मारली. ती तशीच टोपल्या धरून बसली होती.

"चाल आता घरात. गेली ना ती उतरून."

"म्हनूनच तं बसली," ती म्हणाली. "आता येतानी गाडी रिकामी हाय. परतीच्या फेरीले मले पुढं बसवतीन."

परतीची फेरी अजून आलेली नाही. आदर्शला मी रोज फोन करून विचारते, माय शेडमधून घरात आली का.

पाच वाजून गेले की माझं लक्ष लागत नाही.